दूध उतू जातंय

खाडीकाठच्या राजिवड्यातली मैमुना भित्री बाई. आता भित्र्या माणसांचा काही तुटवडा नाही. कुणी पालीला भितं, कुणी भुताला, कुणी सासूला. मैमुना भिते ती खबरीला. इथली वाईट खबर समुद्रापलीकडे बसलेल्या माणसाच्या कानावर गेली तर काय होईल, हा एक विचार तिची पाठ सोडत नाही.

राजिवड्यात घरटी एक माणूस बाहेर. कुणी कुवेतला, कुणी मस्कतला, कुणी जहाजावर. आणि ह्या घरांचा एक नेम ठरलेला: बाहेरच्या माणसाला वाईट सांगायचं नाही. सांगून करणार काय तो? रजा नाही, तिकीट नाही, मालक पासपोर्ट दाबून बसलेला. उंचावर काम करताना हात सुटला तर घरात एका मौतीच्या दोन व्हायच्या. तेव्हा तो येईल तेव्हा कळेल. तोवर सगळं ठीक.

पण अगदीच काही न सांगूनही चालत नाही. मग किती सांगायचं? ते मैमुनाचाची ठरवायची. कुणाची तरी सून रडत दारात उभी राहायची, "चाची, बाबा गेले, मस्कतला काय कळवू?" मैमुना आधी तिला पाणी द्यायची, ओट्यावर बसवायची आणि मग सांगायची, "आज म्हण, बरं नाय. परवा म्हण, दवाखान्यात ठेवलंय. जुम्म्याला म्हण, सिरियस हायत. मग तो आपणहून विचारील. तेव्हा रडलीस तरी चालेल." डॉक्टरने औषध लिहून द्यावं तसं चोख. बाकी सगळ्या जगाला घाबरणारी ही बाई त्या कामात मात्र कलेक्टरच्या रुबाबात बसायची.

एकदा एकच घोळ झाला. शेजारचा झुबेर कुवेतहून रजेवर आला तो दादीसाठी गुडघ्याला चोळायचं मलम घेऊन. दाराशी रिक्षातून उतरल्याउतरल्या हाका मारत सुटला. दादीला जाऊन तेव्हा आठ महिने झालेले, आणि मैमुनाच्या सल्ल्याने घरच्यांनी त्याला कळवलंच नव्हतं. पोरगा मलमाची डबी हातात धरून ओट्यावर बसला तो दिवस मावळून मगरिबची नमाज होईपर्यंत हलला नाही. मैमुना म्हणाली, होतं असं, पण नोकरी तर टिकली. सगळ्यांनी माना डोलावल्या. विषय संपला.

तिच्या स्वतःच्या घरात मात्र तिने जे दाबलं ते भलतंच होतं. तिचा नवरा करीम तांडेल होता. मच्छीमार लाँच त्याच्या शब्दावर चालायची, खलाशी त्याला टरकून असायचे. त्याला खोकला लागला, अंग उतरलं, संध्याकाळ झाली की कणकण यायची. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली तर टीबी निघाला. गोळ्या फुकट होत्या, सहा महिने न चुकता घ्यायच्या एवढंच पथ्य. दोन महिन्यांत करीमचे गाल भरले, खोकला थांबला, आणि नेमकी तेव्हाच मासेमारीची बंदी उठली. लाँचवर गोळी घेतली की मळमळायचं. तांडेलच रेलिंगवर ओकायला लागला तर खलाशांनी बघायचं कुणाकडे? त्याने गोळ्या सोडल्या. मैमुनाने दोनदा सांगून पाहिलं, तिसऱ्यांदा तो अंगावर ओरडला, मग ती गप्प बसली. पुढच्या वर्षी खोकला परत आला आणि ह्या वेळी रक्त घेऊन आला.

मोहल्ल्यात तिने सांगितलं, दमा. मुलाला, अद्नानलाही सांगितलं, दमा. अद्नान मलेशियात, जोहोरला, जहाजांच्या कारखान्यात वेल्डर. तो तेव्हा रजेवर आला होता आणि रजा संपेस्तोवर बापाच्या शेजारी झोपला. बापाला उठवून बसवायचा, पाठ चोळायचा, थुंकायचं तस्त तोंडापुढे धरायचा. मैमुना दारात उभी राहून बघायची. शब्द अगदी दातांपर्यंत यायचा. पण पोराची परत जाण्याआधीची मेडिकल तोंडावर होती. कळलं तर तो घाबरेल, घाबरला की तिथे बोलून बसेल, बोलला की नापास करतील. ज्याला माहीतच नाही तो बोलणार काय? हे तिचं गणित, आणि त्या गणिताचा तिला अभिमानही होता बरं का. अद्नान पास झाला, विमानात बसला. थोड्याच महिन्यांत करीम गेला. जोहोरला कळवलं, हार्ट. अद्नानने बापाचा जनाजा मोबाईलवर पाहिला.

ह्याला दोन वर्षं झाली. आता घरात मैमुना आणि तिची चार वर्षांची नात आयात, दोघीच. मार्चात अद्नान महिनाभर रजेवर येऊन गेला होता; सून नसीम आता सातव्या महिन्यात, ती लांज्याला माहेरी गेली होती. आयातने आईबरोबर जायला साफ नकार दिला. दादीच्या गळ्यात हात टाकल्याशिवाय त्या पोरीला झोपच येत नाही. दुपारची असो की रात्रीची, तोंड दादीच्या हनुवटीखाली खुपसून झोपायची.

अद्नानचा फोन रोज दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर यायचा. तिथे तेव्हा संध्याकाळ झालेली असते, कारखाना सुटलेला असतो. पाऊस सरला, ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला, आणि एक दिवस मैमुनाला त्याचा आवाज वेगळा लागला.

"खोकतोस काय रे?"

"एसीचा खोकला गो अम्मी. खोलीत सगळ्यांनाच हाय."

"आणि आवाज कशाने बसलाय?"

"वेल्डिंगचा धूर. तू कशी हायस?"

"मी बरी." आणि तिच्या छातीतून खोकला वर आला तशी ती घाईघाईने म्हणाली, "ठेव आता, दूध उतू जातंय."

फोन ठेवला आणि मग पदराचा बोळा तोंडाशी धरून ती खोकली. तिचा खोकला धुराचा. न्हाणीघरातल्या चुलीवर पाणी तापवायचं, त्यात ओली सोडणं घालायची, नारळाची सालं ती, धुमसणारच. पावसात सुरू झालेला खोकला अजून होता, पण धुराचाच. आयुष्यभर तिने दुसऱ्यांना जे डोस दिले त्यातला एक तिने स्वतःलाही दिला होता.

पण त्या दिवशी तिने धसका घेतला तो पोराच्या उत्तराचा. एसी म्हणे, धूर म्हणे. लागोपाठ दोन कारणं, विचारायच्या आत तयार. अशी कारणं कोण देतं, कशी देतं, हे राजिवड्यात तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तो तिच्याशी तेच करत होता जे तिने सगळ्यांना शिकवलं. किती दाबतोय आणि किती सांगतोय, हे मात्र तिला ओळखता येईना.

त्याच आठवड्यात तूबा आली. तूबा म्हणजे मैमुनाच्या बहिणीची मुलगी, नर्सिंग कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला. बाईंनी वर्गाला काम दिलं होतं: आग्नेय आशियातला एकेक देश घ्या, तिथली माणसं किती, जगतात किती, कशाने आजारी पडतात, कशाने मरतात, सगळं तक्ते काढून वर्गासमोर मांडा. तूबाने मलेशिया घेतला, कारण तिथे घरचा माणूस. ओट्यावर लॅपटॉप उघडून बसली आणि खालाला दाखवायला लागली.

"साडेतीन कोटींच्या आसपास माणसं, खाला. आणि सरासरी वय पंच्याहत्तर धर."

"म्हणजे अद्नानला अजून चाळीस वर्षं," मैमुना म्हणाली.

"तसं नसतं गो ते." तूबा हसली. "बाळंतपणात दगावणाऱ्या बायका आपल्यापेक्षा पुष्कळ कमी. साखर मात्र जास्त. डेंग्यू पण हाय."

प्रत्येक आकडा मैमुना पोराच्या अंगावर लावून बघत होती. साखर? त्याला नाही. डेंग्यू? त्यात खोकला नसतो. रस्त्यावरचे अपघात? तो बसने जातो. ती तांदूळ निवडत होती आणि हात चालू ठेवूनच तिने विचारलं, "आणि खोकल्याचं काय लिहिलंय?"

"टीबी म्हणतेस?" तूबाने सरळ म्हटलं. घरात हा शब्द कुणी इतका मोठ्याने उच्चारला नव्हता. "हाय की. लाखात शंभराच्या आगेमागे."

मैमुनाला आत कुठेतरी बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. म्हणजे आजार त्या देशातला. तिथल्या हवेचा, तिथल्या गर्दीचा. खोलीत आठ-आठ जण झोपतात, त्यातल्याच कुणाचा तरी.

"मेले ते देशच तसले," ती म्हणाली.

"खाला, आपल्याकडे त्याच्या दुपटीच्या जवळपास हाय." तूबाने दुसरा तक्ता उघडला. "तिथे गेलेल्या माणसांत निघतो ना, तो पुष्कळदा इथूनच नेलेला असतो. अंगात वर्षानुवर्षं झोपून राहतो तो. एक्स-रेमध्ये पण दिसत नाय. मग कधी अंग थकलं की उठतो. म्हणून डॉक्टर पहिलं काय विचारतो माहीत हाय? घरात कुणाला होता काय. आणि होता तर गोळ्या पुऱ्या केल्या की मधेच सोडल्या. सोडल्या असतील तर तो टीबी वेगळा, त्याला साध्या गोळ्या लागू पडत नाहीत."

सुपातले हात थांबले. मैमुनाला वाटलं, ही पोरगी आपल्याकडे बघतेय, पण तूबा पडद्याकडेच बघत होती. तिलाही सगळ्यांसारखं दमाच माहीत. मैमुना "चहा ठेवते" म्हणून आत गेली, नळ मोठा सोडला आणि त्याच्या आवाजात खोकून घेतलं.

"खाला, कधीपासून गो हा खोकला?" बाहेरून तूबाने विचारलं.

"आत्ताच. ठसका लागला."

दुसऱ्या दिवशी अद्नानच बोलता झाला. रोजचं दाबून दाबून माणूस थकतो तसा.

"अम्मी, ताप येतो गो. संध्याकाळचाच. सकाळी काय नसतं." तो थांबला, श्वास घेतला. "कंपनीच्या डॉक्टरने दोनदा गोळ्या बदलून दिल्या. काल विचारत होता, घरी कुणाला टीबी होता काय."

मैमुनाने ओट्याचा खांब धरला. "मग?"

"नाय म्हटलं. अब्बांना दमा होता म्हटलं. तर म्हणाला, मग अजून एक कोर्स घेऊन बघ. एक्स-रेचं मीच नको म्हटलं. त्यात काय निघालं तर कंपनी ठेवत नाय, खोलीतला एक जण तसाच परत गेला. नसीमचं बाळंतपण तोंडावर आलंय, आत्ता कुठे येऊ? तिला सांगू नको हां."

तिला सांगू नको. मैमुनाच्या डोळ्यांपुढे करीमचे खांदे आले, शर्टातून हाडं वर आलेले. संध्याकाळचाच ताप, सकाळी काही नाही. हेच, असंच. तिथे एक डॉक्टर बसलाय, चांगला विचारणारा डॉक्टर, आणि त्याच्या पुढ्यात तिचं खोटं आडवं पडलंय. पोरगं ते खरं समजून पुढे सरकवतंय आणि भलत्याच गोळ्या गिळतंय.

"अद्नान, ऐक," ती म्हणाली.

"हां?"

खोकला वर आला, की भीती वर आली, की दोन्ही. "दूध उतू जातंय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतरचे दिवस मैमुनाने कसे काढले ते तिलाच ठाऊक. भात करपला, आयातच्या वेणीला एकाच बाजूला रिबीन लागली. फोन वाजला की ती तो उशिरा उचलायची आणि वाजला नाही की घडीघडी हातात घेऊन बघायची. सांगितलं तर पोरगं आईचं तोंड बघेल काय पुन्हा? बापाच्या शेजारी त्याला झोपू दिलं, दारात उभं राहून बघितलं. आणि नाही सांगितलं तर? तर जोहोरहून कुणीतरी तिलाही अशीच डोसाडोसाने खबर देईल. आज बरं नाही. परवा दवाखान्यात. जुम्म्याला सिरियस. ती पायरी न् पायरी तिची स्वतःचीच बांधलेली होती, आणि आता ती तिच्यावर उभी होती. विचारायचं कुणाला? सगळा मोहल्ला विचारायला तिच्याकडे येतो.

आठवड्याच्या बाजाराला ती झुबेरच्या रिक्षाने निघाली. झुबेर आता कायमचा परतला होता, रिक्षा चालवायचा. भाट्याच्या पुलाकडून वारा येत होता, आयात मांडीवर बसून खाडीतल्या होड्या बघत होती. मैमुनाने एकाएकी विचारलं, "झुबेर, दादी गेली तेव्हा तुला कळवलं नाय. माझ्यावर राग धरलास काय रे?"

झुबेरने आरशात तिच्याकडे पाहिलं. "राग नाय चाची. ती मलमाची डबी अजून घरात हाय, टाकवत नाय, एवढंच." मग गिअर बदलत म्हणाला, "पण तुला सांगतो, त्यानंतर पुढं मी कुवेतला इतकी वर्षं काढली, घरून फोन आला नि 'सगळं ठीक' म्हणाले की मला घाम फुटायचा. खोलीत सगळ्यांचं तेच. ठीक म्हटलं की घरातलं कोण गेलं असेल ते आम्ही बोटांवर मोजत बसायचो."

बाजारात तिने काय घेतलं आणि काय विसरली ह्याचा पत्ता नाही. घरी आली, असर पढली आणि फोन पुढ्यात घेऊन पडवीत बसली. आयात शेजारी कलंडली, दादीच्या मांडीवर चढली, गळ्यात हात टाकून झोपून गेली. मैमुनाला इतकी भीती कधी वाटली नव्हती. करीमला मातीत ठेवला तेव्हाही नाही. तेव्हा निदान व्हायचं ते होऊन गेलं होतं.

फोन आला. अद्नानने नेहमीसारखं "कशी हायस" म्हणायच्या आत ती बोलली.

"अब्बांना दमा नव्हता. टीबी होता."

पलीकडे मोटारसायकली जाताना ऐकू येत होत्या. ती भराभर पुढे बोलत राहिली. थांबली असती तर पुन्हा बोलली नसती. "त्यांनी गोळ्या मधेच सोडल्या. हंगाम होता म्हणून. मग परत उलटला, हार्ट नाय, त्यानेच गेले. डॉक्टरला आजच जाऊन सांग. गोळ्या सोडलेल्या, हे पण सांग, ते विसरू नको. एक्स-रे काढ. कंपनीने काढलं तर काढू दे. रिकाम्या हाताने ये. पण ये."

"मी त्यांच्या शेजारी झोपायचो, अम्मी."

"हां."

"तू दारात उभी असायचीस."

"हां."

तो रडतोय की श्वास घेतोय, तिला समजेना. तिने फोन कानावर इतका दाबला होता की कान दुखायला लागला. मग तो म्हणाला, "सांगतो डॉक्टरला. आत्ताच जातो." मैमुनाने डोळे मिटले. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिची छाती थोडी सैल झाली, आणि सैल झाली तसा आतून खोकला हलला. तिने ओठ घट्ट मिटले, गिळला.

"अम्मी," अद्नान म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "तू रोज फोन मधेच ठेवतेस. दूध उतू जातं म्हणून."

मैमुनाने आयातच्या अंगावर पदर ओढला.

"अर्धा लिटर दूध येतं आपल्याकडे. ते पण सकाळी." मग त्याने विचारलं, "आयात कुणाजवळ झोपते?"

मैमुनाने खाली पाहिलं. आयातचं तोंड अर्धवट उघडं होतं, तिच्या हनुवटीला टेकलेलं. श्वास गळ्यावर लागत होता. आत शेगडीवर काहीच नव्हतं. खोकला वर आला आणि ह्या वेळी तिने फोन ठेवला नाही, बाजूलाही केला नाही. आयातचा हात गळ्यातून सोडवला, मान दुसरीकडे वळवली आणि खोकली. बराच वेळ खोकली. तो जोहोरला ऐकत होता.

"माझ्याजवळ," ती म्हणाली.